पदवीच्या विद्यार्थ्यांना परदेशातील एक सत्र द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना शिकवतो. परदेशी शिक्षणाच्या शासकीय साहाय्याचा विचार होतो तेव्हा आमचा पदवीचा विद्यार्थी त्यात कुठेच दिसत नाही, म्हणून हे पत्र.

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी 75 विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिचे मोल मी जाणतो. परंतु ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांची आहे. धानोरा किंवा कोरची तालुक्यातील मुलगी तिथवर पोहोचण्याआधीच तिच्या लग्नाचा नाहीतर नोकरीचा निर्णय घरात होऊन जातो. पदवी चालू असतानाच चार-पाच महिन्यांचे एक सत्र परदेशी विद्यापीठात करता आले आणि तेथील श्रेयांक (क्रेडिट) तिच्या पदवीत धरले गेले, तर ती जाऊ शकेल. असे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे साठवणारी श्रेयांक बँक 2021 पासून अस्तित्वात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी संस्थांसह ट्विनिंग (अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी संस्थेत करणे), संयुक्त व दुहेरी पदवीचे नियमही केले. मात्र त्यांसाठी भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान 3.01 गुण, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या 100 विद्यापीठांत स्थान किंवा उत्कृष्ट संस्थेचा दर्जा लागतो. आमच्याकडील प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायच्या आणि मग गुणांकनावर संधी वाटायची, हा न्याय मला तरी उमगत नाही.

खरी अडचण पैशांच्या वेळापत्रकाची आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते. आमच्याकडे धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) जमा झाले की सोसायटीचे पीककर्ज, दुकानदाराची उधारी आणि आजारपणाचे देणे यांत ते काही दिवसांत संपतात. तेंदूपत्त्याची मजुरी पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्यात जाते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की सहसा तारण मागतात, आणि शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत. अशा घराला ‘आधी खर्च करा, नंतर प्रतिपूर्ती मिळेल’ असे सांगणारी योजना उपयोगाची नाही. मायदेशाच्या शासनासारख्या अधिकृत पुरस्कर्त्याचे पत्र खात्यातील रकमेऐवजी ब्रिटनमध्ये ग्राह्य धरले जाते. राज्य शासनाला अशी हमी देता येईल का, हे आपल्या विभागाने तपासावे.

मुले बाहेर गेली की परतत नाहीत, असा आक्षेप येईल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि गडचिरोलीत आले. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे त्यांचे काम जगाने अभ्यासले. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क (जंगल व त्यातील बांबूवर ग्रामसभेचा हक्क) मिळालेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचा अभ्यास करायलाही दूरदूरचे अभ्यासक येतात. त्याच तालुक्यातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने फिनलंडमधील खासगी जंगलमालकांच्या सहकारी संस्था कशा चालतात हे पाहिले, तर बांबूच्या लिलावात ग्रामसभेच्या बाजूने बसणारा एक जाणकार माणूस तयार होईल. अर्थात सगळेच परत येणार नाहीत, आणि पुण्यामुंबईच्या मुलांना कुणी परतीची अट घालत नाही.

म्हणून विनंती आहे की गोंडवाना आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठांच्या ग्रामीण महाविद्यालयांसाठी अशा सत्राची योजना सुरुवातीला मोजक्याच जागांवर आखावी. पासपोर्ट, भाषा चाचणी आणि व्हिसासाठी मुंबईला जाण्याचा खर्च निवडीबरोबर आगाऊ द्यावा, श्रेयांकांची मान्यता विद्यार्थी निघण्यापूर्वीच लेखी मिळावी, आणि निवड झालेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीच्या तयारीसाठी किमान एक सत्र मिळावे. या योजनेची तरतूद येत्या अर्थसंकल्पात होणार की नाही, एवढे आपण जाहीरपणे सांगावे.

आपला विश्वासू,
एक अध्यापक, जि. गडचिरोली