उत्तर आले नाही म्हणून

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
21 जुलै 2024

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी सेलमची हकीकत सांगत होते आणि बाबा, तुम्ही बराच वेळ "हो, हो" म्हणत होतात. शेवटी "तामिळनाडूला कधी गेली होतीस?" असे तुम्ही विचारलेत, तेव्हा माझ्या लक्षात आले की निम्मे बोलणे तुमच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. म्हणून सगळे लिहूनच पाठवते आहे. हे सेलम आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे.

1692 साली मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती. सेलम गावाच्या वाडीतल्या काही मुलींना झटके येऊ लागले आणि अमक्या बाईची छाया येऊन आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असे त्या सांगू लागल्या. दुसऱ्या कोणालाही न दिसणारी ही छाया न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केली, आणि तिथेच सगळे बिघडले. आरोपी त्या वेळी घरी झोपलेला होता, हे सिद्ध करूनही उपयोग नव्हता, कारण आरोप त्याच्या देहावर नसून छायेवर होता. दीडशेच्या आसपास माणसे तुरुंगात गेली. 19 जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने खटल्याला उत्तर देण्याचे नाकारले म्हणून त्याला अंगावर दगड रचून मारण्यात आले, आणि किमान पाच जण तुरुंगातच मरण पावले. आई, तू म्हणाली होतीस तसे कोणाला जाळले मात्र नाही. इंग्रजी कायद्यात चेटूक या गुन्ह्याची शिक्षा फाशी होती. सर्वांत विचित्र गोष्ट अशी की, ज्यांनी चेटूक केल्याची कबुली दिली आणि त्या कबुलीवर कायम राहिले, त्यांच्यापैकी कोणीही फासावर गेले नाही. खोटे बोलायला जे तयार झाले नाहीत, तेच मेले.

मला तुम्हाला सांगायचे आहे ते रिबेका नर्स यांच्याविषयी. (नर्स हे आडनाव आहे, व्यवसाय नव्हे.) त्यांचे वय 71 होते, आठ मुलांच्या त्या आई होत्या, चर्चमध्ये त्यांना मान होता, आणि त्यांना कमी ऐकू येत असे. त्या आजारी होऊन अंथरुणाला खिळलेल्या असताना शेजारी भेटायला आले, तेव्हा त्यांनी आधी त्या पीडित मुलींचीच विचारपूस केली. आपल्यावरही आरोप आहे, हे त्यांना त्यानंतर कळले. त्यांच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर 39 जणांनी सह्या केल्या. अशी सही करणाऱ्यावरच उद्या संशय येऊ शकत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सह्यांचे मोल कळते.

जूनच्या अखेरीस खटला चालला आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्याबरोबर मुलींनी न्यायालयात आरडाओरडा सुरू केला, आणि मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्यूरीला एका वाक्याची आठवण करून दिली. डिलिव्हरन्स हॉब्ज या दुसऱ्या आरोपी बाईला साक्षीसाठी आणले, तेव्हा रिबेकाबाई म्हणाल्या होत्या की ही तर आमच्यातलीच आहे. 'आमच्यातली' म्हणजे चेटकिणींतली काय? ज्यूरी पुन्हा विचाराला बसली, एकमत होईना, म्हणून तिने बाहेर येऊन या वाक्याचा अर्थ आरोपीलाच विचारला. रिबेकाबाई गप्प राहिल्या. ज्यूरीचे प्रमुख थॉमस फिस्क यांनी पुढे लिहून दिले की, रिबेकाबाईंनी खुलासा न केल्यामुळे ते शब्दच आपल्या दृष्टीने त्यांच्याविरुद्धचा एक मुख्य पुरावा ठरले.

बाबा, इथे मला तुमची शिरस्तेदारी आठवली. साक्षीदाराला त्याची साक्ष त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय ती पुरी झाली असे समजायचे नाही, हे तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगितले आहे की मला ते पाठ आहे. नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले आणि ते न पटल्यामुळे सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, हेही तुमच्याकडूनच ऐकलेले. सेलममध्ये वर पाठवायला कोणी नव्हते, आरोपीला वकील नव्हता, आणि प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने विचारावा, इतकी साधी गोष्ट त्या भरलेल्या दालनात एकालाही सुचली नाही.

नंतर रिबेकाबाईंनी लेखी खुलासा दिला: हॉब्ज आपल्याबरोबर कैदेत होती, एवढाच त्या शब्दांचा अर्थ होता, आपल्याला कमी ऐकू येते, मनही दुःखाने भरलेले होते, आणि आपल्या शब्दांचा काय अर्थ लावला जातो आहे, हे कोणी सांगितले नाही. गव्हर्नरांनी शिक्षा थांबवली आणि पुन्हा लागू केली. चर्चने त्यांना बहिष्कृत केले आणि 19 जुलैला त्यांना फाशी झाली. सप्टेंबरमध्ये त्यांची बहीण मेरी ईस्टी गेली. तिने मरण्यापूर्वी केलेल्या अर्जात स्वतःसाठी काही न मागता, यापुढे आणखी निरपराध रक्त सांडू नये, एवढेच मागितले होते.

पश्चात्ताप मात्र झाला, आणि तो चारचौघांत झाला. 1697 मध्ये न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल यांनी चर्चमध्ये उभे राहून आपला दोष स्वीकारला. ज्यूरीतल्या 12 जणांनी माफीपत्रावर सह्या केल्या, त्यात फिस्कही होते. खटल्यांच्या वेळी बारा वर्षांची असलेली अ‍ॅन पटनम हिने 1706 मध्ये रिबेकाबाई आणि त्यांच्या बहिणींबद्दल विशेष क्षमा मागितली. स्टॉटन यांनी कधीच मागितली नाही. 1711 मध्ये नर्स कुटुंबाला 25 पौंड भरपाई मिळाली, 1712 मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. पण दोषी ठरलेल्या सगळ्यांची नावे निष्कलंक व्हायला फार वेळ लागला. एलिझाबेथ जॉन्सन ही फाशीतून वाचली होती, तरी तिच्यावरचा ठपका 2022 साली पुसला गेला, आणि तोही एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून.

परवा 19 तारीख होती, म्हणून मी मुद्दाम रजा घेऊन सेलमला गेले. तिथल्या स्मारकात दगडी भिंतीतून बाहेर आलेली वीस आसने आहेत, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूची तारीख आहे. आत शिरताना पायाखालच्या फरशांवर आरोपींची वाक्ये कोरलेली आहेत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. अर्धे वाक्य वाचून मी उरलेले शोधायला भिंतीच्या पलीकडे पाहिले. ते तिथे नसणार, हे ठाऊक असूनही पाहिले. रिबेकाबाईंच्या नावावर कोणीतरी ताजी फुले ठेवली होती. त्यांच्या घराण्यात चालत आलेली हकीकत अशी की, मुलांनी रात्री त्यांचा मृतदेह गुपचूप घरी आणून पुरला. डॅनव्हर्सला त्यांच्या शेतातल्या दफनभूमीत 1885 पासून स्मारकस्तंभ उभा आहे. तुम्ही दोघे इकडे याल तेव्हा तिथेही नेईन. चालणे फार नाही.

आई, पुढच्या रविवारी फोन करण्याआधी बाबांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बदलून ठेव, आणि यंत्र कपाटात न राहता कानात राहील एवढे बघ. फिस्क यांना दोष द्यावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याविषयी बाबांचे मत मला ऐकायचे आहे, आणि या वेळी "हो, हो" चालणार नाही.

तुमची,
धाकटी