पाककृतीत वाटी नको, ग्रॅम हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आजी-आईकडून आलेल्या पाककृती आपल्या पुरवणीत आवर्जून छापल्या जातात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थाला ‘दोन वाट्या मैदा, लागेल तसं लोणी’ एवढं पुरत नाही. लाडूचं मिश्रण सैल झालं तर वळता वळता सावरता येतं. ट्रे आत गेला की काहीच हातात राहत नाही. पूर्वी दिवाळीत नानकटाई पेठेतल्या बेकरीत भाजायला जायची, तेव्हा आचेचा अंदाज भट्टीवाल्याला असायचा. आता ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आपल्याच ओट्यावर आहे. तो अंदाज छापील कृतीतच यायला हवा.

फळांचं सारण भरलेल्या चौकोनी बारचं उदाहरण घेते. २० सेंटिमीटरच्या (८ इंची) चौकोनी टिनला २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि १२५ ग्रॅम थंड बटर लागतं. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करायचं, मळायचं नाही. मळलं की ग्लूटेन (मैद्याला ताण देणारं प्रथिन) तयार होऊन तळ चिवट होतो. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. तूप वापरायचं तर १०० ग्रॅमच घ्या, तेही थिजलेलं, आणि वर दोन चहाचे चमचे थंड दूध. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध असतं, बटरमध्ये पाणीही असतं. दोन्हींचं वजन सारखं धरलं की बार तेलकट होतात. एप्रिल-मेमध्ये बटर हाताच्या उबेनेच विरघळू लागतं. तेव्हा चोळलेलं मिश्रण वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं.

यातला दोन तृतीयांश भाग टिनमध्ये दाबून १८० अंश सेल्सियसला १५ मिनिटं नुसताच भाजून घ्यावा. ही पायरी छापील कृतींतून हमखास गळते आणि तळ कच्चा राहतो.

खरी गडबड सारणात होते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं उत्तम फळ हाताशी असताना ते कच्चंच चिरून भरायला सांगणं म्हणजे त्याची नासाडी आहे. भाजताना फळाचं पाणी सुटून तळात मुरतं आणि खाली लगदा होतो. ५०० ग्रॅम अंजिरांचे देठ काढून, चिरून, ६० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर शिजवावेत. शेवटी एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा, कारण अंजिरात आंबटपणा फारच कमी. कढईच्या तळाशी उलथन्याने ओढलेली रेघ लगेच मिटली नाही की झालं. साधारण ३५० ग्रॅम सारण उरतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी, म्हणून तिला थंड पाण्यात कालवलेलं एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लागतं आणि ते घातल्यावर मिनिटभर उकळी यावी लागते. नाहीतर पिठूळ चव राहते.

सारण पूर्ण गार झाल्यावरच पसरावं. गरम सारणाने वरच्या चुऱ्यातलं बटर भाजण्याआधीच वितळतं. उरलेला चुरा न दाबता भुरभुरावा आणि मधल्या कप्प्यात ३० ते ३५ मिनिटं भाजावं. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे वरून आधी रंग आला तर फॉइल झाकावी. कापायचं टिन पूर्ण निवल्यावर, निदान दोन तासांनी. सारण गार होतानाच घट्ट होतं.

म्हणून विनंती आहे की भाजायच्या प्रत्येक कृतीसोबत टिनचा आकार, ग्रॅममधली मापं, तापमान, सारण झाल्याची खूण आणि निववण्याचा वेळ छापावा. वाटीच लिहायची असेल तर ती किती मिलिलिटरची, तेही द्यावं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे