सरकार किती देतं?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, 'त्या पोराला सांभाळायचे सरकार किती देतं?' तेव्हा तो शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. मराठी कळत नसलं तरी 'पाउंड' कळतं त्याला.

आता सांगते. इंग्लंडमध्ये फॉस्टर पालकांचा, म्हणजे स्वतःच्या घरी राहू न शकणाऱ्या मुलांना आपल्या घरी सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांचा, किमान भत्ता सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो आठवड्याला १७० ते २९९ पाउंड ठरला, मुलाचं वय आणि राहण्याचा भाग बघून. लगेच रुपयांत गुणू नका. हा पगार नाही, मुलाचा खर्च आहे: जेवण, कपडे, बसभाडं, आणि बूट, जे ह्याला कायम आखूडच होतात. आमच्या कष्टाची फी वेगळी. ती कुठे बरी, कुठे नावापुरती, कुठे नाहीच. आणि मूल आपल्या घरून दुसरीकडे गेलं की बहुतेक ठिकाणी दोन्ही बंद. पुढचं मूल येईपर्यंत खोली रिकामी ठेवायची, ट्रेनिंगला जायचं आणि घराचा हप्ताही भरायचा. आम्ही कुणाचे नोकर नाही म्हणे, त्यामुळे आजारपणाची भरपगारी रजाही नाही. करात मात्र चांगली सूट आहे, ते नाकारत नाही.

पण मला पैशापेक्षा जास्त खटकतं ते सह्यांचं. मुलाचा कायदेशीर अधिकार कौन्सिल (इथली महापालिका म्हणा) आणि त्याचे आई-वडील यांच्याकडे, त्यामुळे केस कापायचे तरी कौन्सिलच्या सोशल वर्करला विचारा. रोजचे कोणते निर्णय आम्ही घ्यायचे हे लिहून द्यायची सोय नियमात आहे. पण आमची सोशल वर्कर बदलली आणि नव्या बाईंना फाइल उघडायला सवड मिळेना. शाळेची सहल निघाली, सहीचा कागद आलाच नाही. सगळा वर्ग गेला आणि हा माझ्या ओट्याशी बसून पोह्यांतली मोहरी एकेक करून वेचत होता. एक शब्द बोलला नाही. मीच बडबडत राहिले.

इथे ८० हजारांहून जास्त मुलं सरकारच्या देखरेखीखाली आहेत, त्यांतली सुमारे दोनतृतीयांश फॉस्टर घरांत. घरं कमी पडली की भावंडांची ताटातूट होते, नाहीतर पोरं शाळा-मित्र सोडून लांब कुठेतरी जातात. गेल्या काही वर्षांत नव्याने येणाऱ्या घरांपेक्षा सोडून जाणारी जास्त, आणि सरकार नव्यांसाठी जाहिराती करतंय. हंडा गळतोय आणि ही मंडळी नळ मोठा करतायत! दोन मुलांच्या मधल्या काळात निम्मी फी द्या, रोजच्या सह्या आम्हाला करू द्या, निम्मे तरी टिकतील. २०१४ च्या कायद्याने मूल २१ वर्षांचं होईपर्यंत त्याच घरात राहू शकतं, हे उत्तम केलं. पण अठरा पूर्ण झाली की अनेक ठिकाणी पैसे कमी होतात. पोरगं काय त्या दिवसापासून कमी जेवतं?

आई, तू त्याचा फोटो मागितलास. पाठवता येत नाही, नावही लिहीत नाही, रागावू नकोस.

आणि नातवाला सांभाळणाऱ्या कमलमावशीचं काय झालं? नातेवाइकांनी मूल सांभाळलं तर इथे भत्ता आपोआप मिळत नाही, पण आपल्याकडे बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत. नातवाचा अर्ज भरलाय का? जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात दादाला बरोबर पाठवा. मावशी एकटी गेली तर 'उद्या या' ऐकून परत येईल.

तुमची,
मीना