सेवा वाढदिवसापुरती नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांचा वाढदिवस बालगृहात किंवा वृद्धाश्रमात साजरा करण्याची पद्धत आता आपल्या खानदेशातील मध्यमवर्गीय घरांतही रुजली आहे. तिच्यामागच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्हीही आमच्या ९ वर्षांच्या मुलीला घेऊन केक, वह्या आणि केळी यांसह एका बालगृहात गेलो होतो. तेथील मुले आम्ही पोहोचण्याआधीच रांगेत उभी होती. त्यांनी वाढदिवसाचे गाणे सुरात म्हटले, परंतु मुलीचे नाव कोणी विचारले नाही; नावाच्या जागी त्यांनी ‘ताई’ असा शब्द घातला, आणि तो इतक्या सराईतपणे घातला, की हे गाणे त्यांना आठवड्यातून किती वेळा म्हणावे लागत असेल, याचा अंदाज आम्हाला तेथेच आला. कार्यक्रम संपल्यावर तेथील अधीक्षिकाबाईंनी नम्रपणे सांगितले, की केक पुष्कळ येतात, पण चौथीच्या मुलांचे गणित घेण्यासाठी दर शनिवारी एक तास येणारे कोणी मिळत नाही.

त्यांनी छायाचित्रे काढण्यासही मनाई केली आणि ती योग्यच होती. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून, त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असे असताना केक भरवतानाची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर सर्रास दिसतात. काही शाळा ‘समाजसेवा’ प्रकल्पाच्या वहीत असेच छायाचित्र चिकटवायला सांगतात, तेव्हा मुलांनी त्यातून नेमके काय शिकावे अशी अपेक्षा असते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

त्या भेटीनंतर आम्ही घरात ठरवले, की जे करायचे ते घराजवळ, ठरलेल्या वेळी आणि मुलांबरोबर स्वतः राबून करायचे. निमित्त आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मिळाले. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. तीच घागर थोडी पुढे नेऊन, जेथे एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासी आणि रोजंदारीवर निघालेले शेतमजूर थांबतात, त्या नाक्यावर निंबाच्या सावलीत आम्ही चार माठ मांडले. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे वाचकांना सांगायला नको.

पाणपोई म्हणजे माठ ठेवले आणि झाले, अशी आमची समजूत होती. ती पहिल्या आठवड्यातच दूर झाली. माठ रोज सकाळी रिकामा करून काथ्याने आतून घासावा लागतो, नाहीतर बुडाला शेवाळ धरते. साबण लावता येत नाही, कारण सच्छिद्र माती तो शोषून घेते आणि पाण्याला वास येतो. पाणी त्याच छिद्रांतून पाझरून वाऱ्यावर उडते म्हणून माठ गार राहतो, हे मुलाने सातवीच्या विज्ञानात वाचले होते, परंतु भोवतीचे गोणपाट वाळले की पाणी कोमट लागते, हे त्याला नाक्यावर कळले. लोकांनी हात बुडवू नयेत म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवले. साखळीला बांधलेले दोन पेले पहिल्या चार दिवसांतच साखळीसकट गेले. मुलाने कोणत्या दिवशी किती बादल्या लागल्या याची नोंद ठेवली. आठवडे बाजाराच्या दिवशी ती संख्या दुपटीवर जाते.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलीने उठायला नकार दिला, आणि मे महिन्यात नात्यातील एका लग्नासाठी आम्ही दोन दिवस गावाला गेलो असता माठ कोरडे राहिले. परतल्यावर रोजच्या प्रवासातील एका आजीबाईंनी मुलीला सुनावले, “पोरी, पाजायचं नव्हतं तर माठ कशाला मांडले?” तो दोष सर्वस्वी आमचा होता. त्यानंतर आम्ही शेजारच्या दोन घरांना विचारले आणि वार वाटून घेतले.

सेवेत मुख्य प्रश्न आपली ठरलेली पाळी सांभाळण्याचा असतो, असे मला या अनुभवावरून वाटते. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथील ग्रामस्थांनी गावाभोवतीचे जंगल वाचवले ते एका दिवसाच्या वृक्षारोपणाने नव्हे, तर वर्षानुवर्षे केलेल्या राखणीने. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी विद्यार्थ्यांच्या खोल्या स्वतः झाडत असत, ही आठवण आमच्या भागात अजून सांगितली जाते. मोठ्यांनी खुर्चीत बसून मुलांना ‘सेवा करा’ म्हणण्याचा उपयोग किती, हे त्यावरून कोणीही ठरवावे.

“लहान मुलांना कामाला जुंपता का?” असा आक्षेप आमच्यावर एका परिचितांनी घेतला. तो गंभीरपणे घ्यायला हवा. आमची मुले उन्हे चढण्यापूर्वी पाऊण तासच, आणि आमच्यापैकी एकाच्या सोबतीनेच काम करतात. भरलेल्या बादल्या आम्ही उचलतो. नदीपात्राच्या स्वच्छता मोहिमेत मात्र आम्ही त्यांना नेले नाही, कारण त्या कचऱ्यात फुटक्या बाटल्या आणि इंजेक्शनच्या सुयाही असतात. रक्तदानासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, पण शिबिरात दात्यांना सरबत देणे ९ वर्षांच्या मुलीलाही जमते आणि ते तिने मन लावून केले.

महाविद्यालयीन तरुणांसाठी राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, शाळांत स्काऊट-गाईड आहे; आई-वडील आणि मुले यांनी मिळून जावे अशी जागा मात्र सहजी सापडत नाही. म्हणून आपल्या दैनिकाद्वारे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील बालगृहे, वृद्धाश्रम, वाचनालये आणि नगरपालिकांच्या शाळांना विनंती आहे, की त्यांनी देणग्यांच्या यादीशेजारी कामांची यादीही दारावर लावावी: कोणत्या वारी, किती वेळ, कोणत्या वयाचे मूल चालेल. आपणही अशा याद्यांसाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. बालगृहातील तो शनिवारचा गणिताचा तास, आवश्यक ती परवानगी घेऊन, माझी पत्नी जूनपासून घेत आहे. मुलगाही तिच्यासोबत जातो आणि पाढे म्हणवून घेतो.

आखाजी आता महिन्यावर आली आहे. या वर्षी नाक्यावर आणखी दोन माठ मांडायचे आहेत आणि मंगळवार व शुक्रवार अजून कोणी घेतलेले नाहीत.

आपला,
एक पालक,
ता. अमळनेर, जि. जळगाव