बाबांच्या डायरीतली माणसं शोधून दिल्याबद्दल

प्रिय दादा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तू लगेच पक्कड शोधायला लागतोस, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळून दाखव.

बाबा अचानक गेले तेव्हा त्यांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात, मोटारींचा नुसता ढीग पडला होता. काही उघडून ठेवलेल्या, काहींचं जळकं वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) काढून स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, रिकामा केलेला, दोन-चार व्हार्निश मारून वाळत घातलेल्या, आणि एकीवरही मालकाचं नाव नाही. आई म्हणाली डायरी आहे ना, त्यात असेल सगळं. डायरी उघडली तर काय, "मिशीवाला, ३६ स्लॉट, ४ पोल". त्याच्याखाली "दरवर्षी जाळणारा". मग "हळू बोलणाऱ्या बाई, बेअरिंगपण बघणे". मग "झोपाळू, उजवीकडचा". आता हा उजवीकडचा म्हणजे कशाच्या उजवीकडचा हे फक्त त्यांनाच माहीत! आई आधी चिडली, मग हसायला लागली, मग काय झालं ते तू पाहिलंच आहेस.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रिवाइंडिंगवाल्याची डायरी म्हणजे त्याचा सगळा जीव. जळलेली मोटार खोलली की जुन्या कॉइलचे टर्न म्हणजे वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी बघायची, कुठली कॉइल कुठल्या स्लॉटमधून (स्टेटरच्या खाचेतून) निघून कुठे जाते ते लिहायचं, आणि मगच तांबं कापून काढायचं. एकदा काढलं आणि लिहिलेलं हरवलं की बसा हिशोब मांडत. तर बाबांचा हा सगळा डेटा एकदम चोख, एक टर्न इकडचा तिकडे नाही, फक्त माणसांची नावं तेवढी नाहीत, कारण त्यांच्या मते नाव काय कुणीपण विसरतं.

आणि तू ती डायरी घेऊन बसलास. एकेक पान वाचून "हा मिशीवाला म्हणजे तो, त्याने मिशी काढून जमाना झाला" असं म्हणत सगळी माणसं ओळखलीस. अर्धवट मोटारी स्वतः भरल्यास, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासल्यास, ज्याची त्याला पोचवल्यास, आणि पैसे आणून आईच्या हातात दिलेस तेही हिशोबाच्या कागदासकट. बाबांनी आख्ख्या आयुष्यात कधी हिशोबाचा कागद केला नव्हता. (ते काम आई करायची, रात्री त्यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून. त्यांचं दुकान चाललं ते आईमुळे, हेही इथेच लिहून टाकते.)

पण आभार नुसते त्याचे नाहीत. मोटार घेऊन गेलास की तिथून बाबांचा एकतरी किस्सा घेऊन यायचास आणि आमच्या दारात उभा राहून सांगायचास, आत ये म्हटलं तरी नाही, उभ्या उभ्याच. घरी मस्करी करणारे बाबा आम्हाला माहीत होतेच, पण दुकानातले बाबा मला बरेचसे तुझ्याकडूनच कळले. टर्न मोजताना कुणी बोलायला आलं तर मोजणी न सोडता त्यातच उत्तर द्यायचे म्हणे, "चौऱ्याऐंशी, बसा, पंच्याऐंशी, उद्या मिळेल, शहाऐंशी". आणि दारावर खडूने लिहिलेलं ते वाक्य, "मोटार जळली असेल तर आत या, शेजाऱ्यावर जळत असाल तर घरी जा". आई ते पुसायची आणि दुसऱ्या दिवशी ते परत!

गिऱ्हाइकांना वाटायचं हा माणूस आळशी आहे, सारखा उद्या उद्या करतो. थोडे होतेच म्हणा, उगाच कशाला नाही म्हणू. पण व्हार्निशच्या बाबतीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. बल्ब लावलेल्या त्या लाकडी पेटीत स्टेटर ठेवला की पूर्ण वाळल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, ओलं राहिलं तर आत दमट राहतं आणि पुढे शॉर्ट होतं, मग कितीही मोठा माणूस दारात गाडी लावून उभा राहू दे. आणि तो वाळायचा वेळ हाच त्यांचा खरा धंदा असं आई म्हणायची. नकला, कोडी, दुसऱ्याच्या नावाने फोन करणं, सगळं तेव्हाच. मोटार घ्यायला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायचा आणि जाताना मोटार विसरून जायचा, असं तू सांगितलंस, खरं-खोटं तुलाच माहीत.

"दरवर्षी जाळणारा" याची गोष्ट मात्र मला फार आवडली. तो दर वेळी शपथेवर सांगायचा की मोटार आपोआप जळली. बाबा म्हणायचे जळलेली मोटार खोटं बोलत नाही, बोलतं ते गिऱ्हाईक. सगळं वाइंडिंग सारखंच काळं असेल तर जास्त लोड, एकाच ठिकाणी डाग असेल तर आतला शॉर्ट, आणि स्टार कनेक्शनमध्ये (वाइंडिंगच्या तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र जोडलेली असतात तेव्हा) दोन फेज काळ्याठिक्कर आणि एक नवीकोरी असेल तर येणाऱ्या लाइनची एक फेज गेलेली. त्याची दरवर्षी अशीच निघायची. शेवटी बाबा तुला घेऊन त्याच्याकडे गेले, फ्यूजचा ढिला कॉन्टॅक्ट सापडला, तो बदलून दिला, आणि येताना तुला म्हणाले, "बघ, माझं कायमचं गिऱ्हाईक मीच मारलं." तरी डायरीत नाव तेच ठेवलं, शेवटपर्यंत. या वेळी त्याची मोटार फक्त बेअरिंगसाठी आली होती म्हणे, बिचारा.

त्या डायरीत मध्येमध्ये आम्हीपण आहोत. दोन मोटारींच्या मध्ये आईच्या चष्म्याचा नंबर. माझ्या परीक्षेचं वेळापत्रक एका पंपाच्या कॉइलच्या आकृतीखाली, आणि गणिताच्या पेपरला गोल करून "दुकान बंद". तू ती पानं मला वेगळी काढून दिली नाहीस, नुसत्या खुणा घालून दिल्यास, ते फार बरं केलंस. ती तिथेच शोभतात.

अजून एक. माझ्या मुलीला तू ती छोटी मोटर करून दिलीस, सेल, चुंबक आणि तारेचं वेटोळं. बाबा गल्लीतल्या प्रत्येक पोराला ती करून द्यायचे, आणि ती का फिरते हे पोरानेच ओळखायचं अशी अट असायची. तारेचं इनॅमल एका टोकाला पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाला अर्धंच, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात करंट जातो, अर्ध्यात तुटतो, आणि उरलेली फेरी ते वेटोळं आपल्याच वेगात पूर्ण करतं. दोन्हीकडे पूर्ण खरवडलं तर नुसतं थरथरत बसतं. माझ्या मुलीला हे अजून कळलेलं नाही आणि तू सांगतही नाहीस. सांगू नकोस. दुकानाच्या भिंतीवरचा टेस्लाचा फोटोही तिला हवाय, पण तो तिथेच राहू दे. "१८८८ ला या माणसाला एसी मोटारीचं पेटंट मिळालं, तेव्हापासून आतली गंमत तीच आहे, म्हणून माझं पोट चालतं", हे तिला तुझ्याकडूनच ऐकू दे.

आईने सांगितलंय की डायरी तुझ्याकडेच ठेव, मागच्या पानांवर तुझं लिही, आणि नावं मात्र नीट लिही. पहिला भाग ऐक, दुसरा तुझ्या मर्जीवर.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, "झोपाळू, उजवीकडचा" कोण हे दादालासुद्धा अजून सापडलेलं नाही. एक एचपीची मोटार आहे, भरून, वाळवून, तपासून तयार आहे. तुमची असेल तर जाग आल्यावर घेऊन जा.

तुझी,
काकांची पोरगी