आजारी कुत्रा आणि दूधभाताचा सल्ला

महोदय,

लिव्हर बिघडलेल्या कुत्र्याचे अंडी-मांस पूर्ण बंद करून त्याला दूधभातावर ठेवावे, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. तासगावात माझे औषधांचे दुकान आहे आणि आमचा म्हातारा लॅब्राडोर बंड्या याच दुखण्याचा आहे, म्हणून लिहितो.

प्रथिने सरसकट तोडली तर रक्तातले अल्ब्युमिन (लिव्हर बनवते ते प्रथिन) आणखी उतरते आणि पोटात पाणी भरायला मदतच होते. प्रथिने पचताना अमोनिया तयार होतो आणि बिघडलेल्या लिव्हरला तो निस्तरता येत नाही; त्याचा परिणाम मेंदूवर दिसू लागला की मगच ती बेताने द्यायची वेळ येते. बंड्या जेवण झाले की गोल गोल फिरायचा, भिंतीला डोके टेकून उभा राहायचा. शेजाऱ्यांचे निदान: म्हातारचळ! डॉक्टरांनी लॅक्टुलोज लिहून दिले, म्हणजे माझ्याच फळीवरचे बद्धकोष्ठाचे सिरप. ते अमोनियाला आतड्यातच अडकवून शौचावाटे बाहेर काढते. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचास झाले की डोस बरोबर, जुलाब लागले तर जास्त. आता त्याला मऊ भात, पनीर, अंडे असे थोडे थोडे चार वेळा देतो. मटणापेक्षा हे मानवते. मीठ नाही. 'लिव्हरला लिव्हर' म्हणून कलेजी चारणारेही आहेत. तिच्यात तांबे भरपूर, आणि लॅब्राडोरच्या लिव्हरमध्ये तांबे साचण्याचा दोष असू शकतो.

पोटातले पाणी काढून टाका म्हणून लोक डॉक्टरांच्या मागे लागतात. त्या पाण्याबरोबर प्रथिनेही जातात. बंड्याला स्पायरोनोलॅक्टोनवर, म्हणजे लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या गोळीवर, ठेवले आहे. दम लागू लागला तरच सुईने पाणी काढायचे, असे ठरले आहे.

आता धंद्याचे. कुत्र्याला ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन मागणारे गिऱ्हाईक नेहमीचे. मी देत नाही, मग ते समोरच्या दुकानात जाते. पहिली गोळी लिव्हरलाच मारते. दुसरीने पोटात व्रण होऊन रक्त उतरते आणि ते आतड्यात पचताना अमोनिया वाढतो. शुगर-फ्री सिरप घेताना त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) नाही ना, ते वाचा. कुत्र्याच्या लिव्हरला ते विष आहे. लिव्हर टॉनिक मीही विकतो, नफाही बरा सुटतो. पण कावीळ गोचिडतापाची, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची) की आणखी कशाची, हे बाटली सांगत नाही. लेप्टोला अँटिबायोटिकच लागते आणि तो आजार कुत्र्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही होतो. आधी रक्त तपासा, जमल्यास सोनोग्राफी करा. आम्हाला त्यासाठी बंड्याला गाडीत घालून सांगलीला न्यावे लागले. खर्च टॉनिकच्या कितीतरी पट, हे खरेच.

तो दूधभाताचा सल्ला पुढच्या पुरवणीत त्याच जागी दुरुस्त करून छापावा, ही विनंती. त्याचे कात्रण घेऊन एक गिऱ्हाईक माझ्याकडे येऊनही गेले.

— एक औषधविक्रेता, तासगाव (जि. सांगली)