आशाताई, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलंय

ताई, समोर असलात की तुम्ही आभार मानूच देत नाही, "कामच आहे मॅडम" म्हणून आशा वर्करच्या फेरीतल्या पुढच्या घरी निघता, म्हणून इथे लिहितेय. एटापल्लीत रेंज आली की कोणीतरी दाखवेलच तुम्हाला.

पिल्लूची मलेरियाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तीही फॅल्सिपेरमची, म्हणजे जास्त धोक्याच्या प्रकारची, तेव्हा आमच्याकडे औषध पाजायचं कसं यावरच जास्त वाद. सासूबाई म्हणे नाक दाबून ओता, ह्यांचं म्हणणं दुधाच्या बाटलीत टाकू, कळणारपण नाही. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात, नाक दाबलं तर औषध श्वासनलिकेत जायची भीती, आणि बाटली अर्धी राहिली तर किती पोटात गेलं ते कोण सांगणार? मग पिवळं पाकीट फोडलंत (1 ते 4 वर्षांच्या मुलांना पिवळं असतं म्हणे), दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून पूड केलीत, जेमतेम भिजेल इतकंच साखरपाणी, आणि गालाच्या आतून थोडं थोडं, मधे पाण्याचा घोट, परत थोडं. चमच्याला चिकटलेलं पण खंगाळून पाजलंत! वर पंधरा मिनिटं ओसरीवर बसून राहिलात, तेवढ्यात ओकला तर नवीन पाकीट उघडून परत द्यावं लागतं म्हणून.

नंतर वाचलं की चेरीच्या चवीची, पाण्यात विरघळणारी मलेरियाची गोळी लहान मुलांसाठी 2009 मध्ये निघाली. औषध आपल्यापेक्षा वेगळं, आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन, पण त्याआधी बेनिन, केनिया, माली, मोझांबिक आणि टांझानियात 899 मुलांवर तुलना केली होती, निम्म्यांना ही गोड गोळी, निम्म्यांना साधी गोळी कुस्करून. 28 दिवसांनी बरी झालेली मुलं 97.8 आणि 98.5 टक्के, म्हणजे फरक नाहीच जवळजवळ. कुस्करलेली गोळी काही कमी नाही तर! पण तीन वर्षांच्या पोराशी रोज कुस्ती खेळणाऱ्याला विचारा, गोड गोळी आपल्याकडेही हवीच.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी तुम्ही आलात, आधी भात भरवायला लावून मगच प्रायमाक्वीन (मलेरियाचीच दुसरी गोळी) दिलीत, आणि तिसऱ्या दिवशी रिकामं पाकीट बघितल्याशिवाय हलला नाहीत, त्याबद्दल तर खास थँक्यू. लहानग्यांना औषध पाजायला बिनसुईच्या पाच एमएलच्या सिरिंज मेडिकलमधून आणून ठेवल्यात, फेरीला याल तेव्हा घेऊन जा, आणि ह्यावेळी चहाला नाही म्हणायचं नाही.